डेफ माणसांसाठी इंटरप्रिटर ठेवायचाय? मग सुरुवात इथून करा

"मॅडम, परवा आमचा कार्यक्रम आहे, साइन लँग्वेजवाली कोणी मिळेल का, तासभरच स्टेजवर उभं राहायचंय." असा फोन मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, कधी ठाण्यातल्या एखाद्या मंडळाचा, कधी महापे-ऐरोलीच्या कंपनीतल्या एचआरचा. माणसं मनापासून विचारतात, म्हणून मीही मनापासून उत्तर देते. पण माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, कार्यक्रमाला डेफ कोण येणारेत? बहुतेक वेळा समोर शांतता. म्हणजे कोणाला बोलावलंच नाहीये आणि स्टेजवर इंटरप्रिटर, म्हणजे साइन लँग्वेजचा दुभाषी, मात्र हवाय. काम उलट्या टोकाने सुरू झालंय. ते सुलट्या टोकाने कसं करायचं ते सविस्तर लिहिते, कारण दरवेळी फोनवर एवढं सांगणं होत नाही.

आधी माझं सांगते. माझे आईपप्पा दोघंही डेफ, आम्ही कळव्याला राहायचो, आणि घरात ऐकू येणारी मी एकटी. रेशन दुकान, बँक, शाळा, सगळीकडे मीच दुभाषी. मी अकरा वर्षांची असताना पप्पांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "बाबांना सांग, गाठ निघालीय, तपासायला पाठवतोय." मला गाठ म्हणजे दोरीची गाठ एवढंच माहीत. मी हाताने दोरीला गाठ मारून दाखवली. पप्पांना वाटलं टाक्याचा दोरा कुठेतरी अडकलाय. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, त्या आठ दिवसांत त्यांच्या पोटात नेमकं काय सापडलंय हे त्यांना सोडून सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. गाठ साधी निघाली. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय, घरच्या माणसाला, आणि पोराला तर कधीच, दुभाषी करायचं नाही. त्याला शब्द माहीत नसतात, तो घाबरलेला असतो, किंवा समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून अर्धं गाळतो. तुमच्या संस्थेत "सोबत कोणी ऐकणारं घेऊन या" असं सांगायची सवय असेल तर ती आधी थांबवा, बाकी सगळं त्यानंतर.

आता काही गैरसमज, कारण ते घेऊन पुढे गेलात तर पैसे खर्च होतील आणि उपयोग शून्य.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी नाही. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. आपण म्हणतो "तू कुठे राहतोस", साइनमध्ये साधारण "तू राहतोस कुठे" असा क्रम येतो, प्रश्नाचा शब्द शेवटी, आणि अर्धा प्रश्न तर भुवया आणि चेहऱ्यावरच असतो. म्हणून "आम्ही सगळं मराठीत लिहून देऊ, इंटरप्रिटर कशाला" हे चालत नाही. खूप डेफ लोकांसाठी मराठी ही नंतर शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे, आणि शाळेत ती कशी शिकवली गेली यावर सगळं अवलंबून. काहींचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं, काहींना पानभर परिपत्रक म्हणजे डोंगर. तसंच ओठ वाचण्याचं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "पान, बाण, मान" म्हणून बघा, तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. त्यात समोरच्याला मिशा असतील, मास्क असेल, किंवा बोलता बोलता तो कॉम्प्युटरकडे वळला, की संपलं.

आणि शब्द. ज्या शाळांच्या नावातच मूकबधिर आहे त्या आहेत, पण माणसाला मूकबधिर म्हणू नका, त्यातला "मूक" अनेकांना लागतो. त्यांच्याकडे भाषा आहे, ते गप्प नाहीत. कर्णबधिर म्हणा किंवा सरळ डेफ म्हणा, आमच्याकडे सगळे डेफच म्हणतात.

आधी माणसाला विचारा

डेफ म्हटलं की सगळ्यांना एकच गोष्ट लागते असं नाही. जन्मापासून साइन करणारा माणूस वेगळा, चाळिशीनंतर ऐकू कमी झालेला वेगळा, त्याला साइन येतच नाही, त्याला स्क्रीनवर मराठी मजकूर आणि स्पष्ट माइक हवा. कानात मशीन घातलेली मुलगी नेरूळच्या शांत खोलीत तुमच्याशी नीट बोलेल आणि हॉलच्या गोंगाटात तिला काहीच कळणार नाही. दिसायलाही कमी असेल तर त्या माणसाला हाताला स्पर्श करून साइन करणारा इंटरप्रिटर लागू शकतो. कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा असं धरलंय, पण तुमच्या कामासाठी हे आकडे निरुपयोगी आहेत, तुम्हाला फक्त एवढं कळायला हवं की या माणसापर्यंत बोलणं कसं पोचेल.

म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर, मग ते लग्नाळू मेळाव्याचं असो की नोकरीच्या मुलाखतीचं, एक ओळ टाका: "कार्यक्रम नीट समजण्यासाठी तुम्हाला काय लागेल? भारतीय सांकेतिक भाषेचा इंटरप्रिटर, स्क्रीनवर मराठी मजकूर, पुढची जागा, की आणखी काही? अमुक तारखेपर्यंत कळवा." आणि खाली असा नंबर द्या ज्यावर व्हॉट्सअॅप मेसेज आणि व्हिडिओ कॉल दोन्ही चालतील. नुसता लँडलाइन नंबर दिलात तर डेफ माणसाने तुम्हाला कळवायचं कसं? या टप्प्यावर युडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स मागू नका. माणूस सांगतोय मला इंटरप्रिटर लागेल, तेवढं पुरे.

इंटरप्रिटर कुठे शोधायचा आणि कधी

कधी, तर निदान तीन आठवडे आधी. सप्टेंबरमध्ये अजून आधी, कारण २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो आणि त्या आठवड्यात चांगला माणूस मोकळा मिळणं कठीण.

शिकलेले इंटरप्रिटर भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी डिप्लोमा करून येतात, लोक त्याला डिस्ली म्हणतात, दोन वर्षांचा कोर्स आहे. दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र, जे २०१५ मध्ये सुरू झालं, तिथे तो शिकवतात, आणि आपल्याला जवळची म्हणजे वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, ऐकण्या-बोलण्यातल्या दिव्यांगत्वावर काम करणारी. तिथे चौकशी करा. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, तिथले लोक दिव्यांग मुलांसोबत रोज काम करतात, त्यांच्याकडूनही योग्य माणसाची दिशा मिळू शकते. पण सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे येणाऱ्या डेफ माणसालाच विचारा, तुम्हाला कोण चालेल. त्याला माहीत असतं कोणाचं साइन समजतं आणि कोण कार्यक्रमातल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी गावभर करतं.

माझ्यासारखी डेफ आईबापांची मुलं डिप्लोमा नसतानाही उत्तम इंटरप्रिटर असू शकतात, हे खरं, पण घरात साइन येणं आणि कोर्टात किंवा ऑपरेशनच्या आधी दुभाषी म्हणून उभं राहणं यात फरक आहे, तो मी स्वतः शिकायला गेले तेव्हा मला कळला. आणि तीन महिन्यांचा बेसिक कोर्स केलेला तुमच्या ऑफिसमधला उत्साही मुलगा, त्याला रिसेप्शनवर बसवा, फार छान, पण इंटरप्रिटर म्हणून उभा करू नका. फोनवरच पारख करायची असेल तर दोन प्रश्न विचारा, "डेफ माणूस साइन करेल ते तुम्ही आवाजात सांगू शकाल का?" आणि "तयारीसाठी तुम्हाला काय लागेल?" ज्याला पहिलं जमत नाही आणि दुसऱ्याला "काही नको" म्हणतो, त्याला जाऊ द्या.

पैसे

इंटरप्रिटरचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवशी लिहा, हार-तुरे आणि मोमेंटोच्या आधी. शेवटी उरले तर बघू असं ठरवलं की कधीच उरत नाहीत. दर विचारताना तासांचा विचारा, प्रवास वेगळा, जेवण वेगळं, कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे हेही आधी बोलून लेखी घ्या. तासाभरापेक्षा मोठं काम असेल तर दोन इंटरप्रिटर लागतात, एक करतो तेव्हा दुसरा बसून मदत करतो आणि साधारण वीस मिनिटांनी बदलतात. यात आराम कोणाचा होत नाही. ऐकत ऐकत दुसऱ्या भाषेत सांगणं मेंदूला इतकं थकवतं की अर्ध्या तासानंतर चुका व्हायला लागतात, आणि त्या तुम्हाला दिसत नाहीत, डेफ माणसालाच दिसतात. "समाजकार्य आहे, फुकट करा" असं म्हणू नका. साउंडवाल्याला तुम्ही असं म्हणत नाही.

आणि रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक बघून वेळ ठरवा. इंटरप्रिटर वांद्र्याहून वाशीला येणार, हार्बर बंद असेल तर तो दीड तास उशिरा पोचेल आणि तोपर्यंत तुमचं दीपप्रज्वलन होऊन गेलेलं असेल.

तयारीचं साहित्य

निदान पाच दिवस आधी सगळं पाठवा: कार्यक्रमपत्रिका, पाहुण्यांची नावं स्पेलिंगसकट, पीपीटी, भाषणाचे मुद्दे, कंपनीतले शॉर्टफॉर्म. नावं बोटांनी अक्षर अक्षर करून दाखवावी लागतात. सूत्रसंचालक एका दमात सात पाहुण्यांची नावं, पदं आणि पुरस्कार वाचतो तेव्हा इंटरप्रिटर पहिल्याच नावाच्या मध्यावर असतो. प्रार्थना, पोवाडा, कविता काहीही असेल तर ते आठवडाभर आधी. अभंगाचा साइनमध्ये अनुवाद ऐन वेळी होत नाही, त्याला बसून विचार लागतो, शक्यतो एखाद्या डेफ माणसासोबत बसून. मी एकदा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात चार ओळींच्या ओवीवर दोन संध्याकाळी घालवल्यात आणि त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या एका आजींनी ती माझ्यासोबत हातांनी म्हटली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा ओवी कळली म्हणाल्या. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते कारण "गाण्याचं काय साइन करायचं" हा प्रश्न फार येतो.

हॉल आणि लाइट

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या फुकटात सुधारतात. इंटरप्रिटर बोलणाऱ्याच्या शेजारी हवा, स्टेजच्या टोकाला झाडाच्या कुंडीमागे नाही, कारण डेफ माणसाला बोलणाऱ्याचा चेहरा आणि हात एकाच नजरेत दिसायला हवेत. मागे फ्लेक्सवर दहा फोटो आणि झगमगाट असेल तर हात दिसत नाहीत, तेवढ्या भागात साधा पडदा लावा. पुढच्या दोन रांगा इंटरप्रिटरच्या बाजूच्या राखून ठेवा आणि त्यावर व्हीआयपी बसणार नाहीत हे बघायला एक कार्यकर्ता नेमा. व्हिडिओ दाखवायचा म्हणून लाइट बंद केलात की डेफ प्रेक्षकांसाठी कार्यक्रमच बंद झाला, तेव्हा इंटरप्रिटरवर एक छोटा लाइट कायम चालू ठेवा, हे नाट्यगृहाच्या लाइटवाल्याला सकाळीच सांगून ठेवा, घाणेकर असो की वाशीचं भावे. फोटोग्राफर आणि समईभोवती जमणारी गर्दी, हे दोन्ही इंटरप्रिटरच्या आड येतात, त्यांनाही आधीच सांगा.

आणि माइक. डेफ माणूस प्रश्न विचारणार, इंटरप्रिटर तो आवाजात सांगणार, मग त्याच्या हातात माइक नको का? हा माइक नव्वद टक्के वेळा विसरलेला असतो. टक्केवारी मोजलेली नाही, माझ्या डोळ्यांनी बघितलंय तेवढ्यावरून म्हणतेय.

प्रत्यक्ष बोलताना

डेफ माणसाकडे बघून बोला. "त्यांना विचारा की त्यांचं नाव काय" असं इंटरप्रिटरला सांगू नका, सरळ "तुमचं नाव काय" असं त्या माणसाला विचारा. इंटरप्रिटर "मी" म्हणेल तेव्हा तो डेफ माणूस बोलतोय. एका वेळी एकानेच बोला, कमिटीच्या मीटिंगमध्ये हे सगळ्यात अवघड जातं, तिथे बोलायच्या आधी हात वर करायचा नियम घाला. स्लाइड दाखवलीत तर वाचायला थोडा वेळ गप्प राहा, त्याला स्लाइड आणि इंटरप्रिटर एकाच वेळी बघता येत नाही. लक्ष वेधायचं तर हात हलवा किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करा, मागून ओढू नका. टाळ्या दोन्ही हात वर करून पंजे हलवत. पूर्ण सभागृहाने अशा टाळ्या दिल्या की बघा डेफ माणसांचे चेहरे कसे होतात.

हॉस्पिटल, बँक, ऑफिस

कार्यक्रम एका दिवसाचा, पण दवाखान्याचं काउंटर रोजचं, म्हणून ते जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत. ओपीडीत नाव ओरडून बोलावतात आणि डेफ पेशंट तीन तास बसून राहतो, त्याचा नंबर केव्हाच गेलेला असतो. स्क्रीनवर टोकन नंबर दाखवा, आणि स्क्रीन नसेल तर केसपेपरवर मोठी खूण करा म्हणजे सिस्टर जाऊन हाताला स्पर्श करून बोलावेल. अपॉइंटमेंट व्हॉट्सअॅपवर घ्या. मास्क काढता येत असेल तिथे काढून बोला.

भरती पेशंट असेल तर सलाईन लावण्याआधी विचारा तुम्ही कोणत्या हाताने साइन करता, आणि सलाईन दुसऱ्या हाताला लावा. उजव्या हाताला सुई आणि पट्टी लावली की त्या माणसाचं तोंडच बांधलं. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशनने बसवलेलं यंत्र, असेल तर एमआरआयच्या आधी ते कळायलाच हवं, आणि तेच विचारायला भाषा नसेल तर? संमतीपत्र, ऑपरेशन, कॅन्सरचं निदान, बाळंतपण, इथे प्रत्यक्ष इंटरप्रिटरच हवा. रात्री अपरात्री कोणी मिळालं नाही तर व्हिडिओ कॉलवरचा चालेल, पण त्यासाठी एका टॅबमध्ये आधीच नंबर आणि चार्जिंग हवं आणि कॅज्युअल्टीत वायफाय पोचतंय ना हे बघून ठेवा, तळमजल्याला बहुतेक पोचत नाही. साध्या गोष्टींना, म्हणजे फी किती, पुढचं काउंटर कुठे, फोनवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं लगेच लिहून दाखवणारं अॅप, मराठीत चालतं, ते वापरा. नावं आणि औषधांची नावं ते चुकवतं, त्यामुळे डोस कधीच त्याच्या भरवशावर सांगू नका, लिहून द्या.

गोपनीयतेचं एक वाक्य इंटरप्रिटरकडून लिहून घ्या, बँकेतही आणि दवाखान्यातही. आपलं डेफ जग छोटं आहे, डोंबिवलीतल्या माणसाची गोष्ट पनवेलला पोचायला एक व्हिडिओ पुरतो.

कंपन्यांसाठी कायदा थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे, आणि समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचं असतं, खाजगीसुद्धा. २०१७ च्या नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात काय काय हवं आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा हेही दिलंय. त्या धोरणात इंटरप्रिटर कोण बुक करणार, कोणत्या खात्यातून पैसे, हे दोन वाक्यांत लिहा, नाहीतर डेफ कर्मचाऱ्याला दर मीटिंगला भीक मागितल्यासारखं विचारावं लागतं आणि तो हळूहळू विचारणं सोडतो. फायर अलार्मला लुकलुकणारा दिवा जोडा, टॉयलेटमध्ये पण, तिथे माणूस एकटा असतो.

ऑनलाइन आणि व्हिडिओ

झूमवर साइन लँग्वेज इंटरप्रिटेशनचा वेगळा व्ह्यू आहे, तो मीटिंग सेट करतानाच चालू करावा लागतो, मीटिंग सुरू झाल्यावर धावपळ करून जमत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात डेफ अॅडव्होकेट सारा सनी यांनी इंटरप्रिटरच्या मदतीने बाजू मांडली, ऑनलाइनच, इंटरप्रिटर स्क्रीनवर स्वतःच्या खिडकीत होता. सर्वोच्च न्यायालयाला जमतं तर आपल्या सोसायटीच्या एजीएमला जमायला हरकत नाही. तुम्ही जाहिरातीचा किंवा सूचनेचा व्हिडिओ करत असाल तर इंटरप्रिटरचा चौकोन मोठा ठेवा, हात कापले जाणार नाहीत आणि खालून पट्टी त्यावरून जाणार नाही असा. चेहरा नखाएवढा दिसला तर प्रश्न आणि विधान यातला फरकच कळत नाही. खाली मराठी सबटायटल माणसाकडून तपासून टाका.

स्टाफला रोजचे शब्द शिकवायचे असतील तर दिल्लीच्या त्याच सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश आहे, २०२१ पासून त्यात दहा हजार शब्द आहेत, व्हिडिओसकट. पण शिकवायला डेफ शिक्षकच बोलवा आणि त्याला मानधन द्या. नमस्कार, थांबा, कागद, दुखतंय, उद्या या, एवढे वीसतीस शब्द रिसेप्शनवरच्या दोघांना आले तरी दारातली भीती जाते.

कार्यक्रम झाल्यावर फीडबॅक फॉर्म वाटाल, तो फक्त लेखी ठेवू नका, "व्हिडिओ करून याच नंबरवर पाठवा" असं इंटरप्रिटरकडून साइनमध्ये जाहीर करा. येणारे व्हिडिओ समजून घ्यायला इंटरप्रिटरला अजून एक तास द्या आणि त्या तासाचेही पैसे त्याच बिलात लावा.